मधल्या बेटावरचा नमुना

माझी बायको जिल्पा टावेले बेटाची आणि मी समोरच्या सिंबोराचा. मधे जेमतेम दोन किलोमीटर पाणी. रविवारी टावेलेच्या चर्चची घंटा वाजली की ती सिंबोरावर आमच्या जुन्या घरात ऐकू यायची. तरी लग्नाच्या वेळी तिच्या मावश्यांनी मला असं निरखून पाहिलं होतं, जणू मी कुठल्या लांबच्या मुलखातून वाहून आलोय. आता पंचवीस वर्षं मी टावेलेवरच राहतो, होडी चालवतो, जवळच्या गिझो बंदराच्या बाजाराला माणसं आणि रताळी पोचवतो. पण कुणाशी वाजलं की त्याचं पहिलं वाक्य अजून तेच असतं, "सिंबोराच्या माणसाला काय कळणार."

माझे सासरे बेसिली म्हणायचे की पाखरांचंही असंच आहे, फक्त पाखरं जास्त कडक.

"हे बघ जावईबापू," ते मला म्हणाले होते, "दोन्ही बेटांवर चष्मेवाले, ही चिमुकली पाखरं. आपल्याकडच्याच्या डोळ्याभोवतीचं कडं रुंद, चुना फासल्यासारखं. पाय राखाडी. गाणं पायऱ्या चढल्यासारखं वर वर जातं. तुमच्याकडच्याचं कडं दोऱ्याएवढं, गळा हळदीसारखा, आणि गाणं तीन तुकड्यांत तुटतं. पंख आहेत, पाणी एवढंसं, पण कोणी ओलांडत नाही. कधी काळी एकाच आईची लेकरं असतील. पाणी मधे आलं, हळूहळू बोली बदलली, रूप बदललं. आता दोन गावं झाली. सोयरीक बंद."

सासरे शाळेत चार इयत्ता शिकले होते. पण सभाघरात जमिनीचा तंटा आला, की शेवटचा शब्द त्यांचा असायचा. लांबलांबच्या गावांतून त्यांना बोलवायला होड्या यायच्या.

मग एक वर्षी डॉ. ग्रँट टिलर्टन आला. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा विद्यापीठात तो पक्ष्यांचा मोठा जाणकार होता. उंच, उन्हाने मान लाल झालेला, बोलायला गोड. सासऱ्यांच्या घरी सात आठवडे राहिला. केसासारख्या बारीक जाळ्यात पाखरं धरायची, चोच मोजायची, पंख मोजायचे, कागदावर लिहायचं आणि सोडून द्यायचं, असं त्याचं काम. सासरे त्याला रोज रानात न्यायचे. कुठलं पाखरू कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, काय खातं, सगळं त्यांनी सांगितलं. रात्रीच्या जेवणाला दोघांचा वाद रंगायचा.

"बेसिली, कडं रुंद की बारीक यावरून जात ठरत नाही," टिलर्टन म्हणायचा. "तुझं नाक वेगळं, या ओबेदचं नाक वेगळं. म्हणून तुम्ही दोन प्राणी झालात का?"

"माझी मुलगी ओबेदला दिली. नातवंडं अंगणात खेळतायत," सासरे म्हणायचे. "ही पाखरं तसं करत नाहीत. डॉक्टर, नाकाचं सोडा, सोयरिकीचं विचारा."

टिलर्टन हसायचा आणि आणखी मासा वाढून घ्यायचा.

वरच्या कड्यावर आमची राई आहे. तिथे जिल्पाच्या कुळाच्या पूर्वजांच्या कवट्या दगडांच्या छोट्या घरात ठेवल्यात. चर्च आलं, तरी राई राहिली. तिथलं लाकूड तोडायचं नाही, पाखरू मारायचं नाही. टिलर्टनला रानात हिंडू द्यावं म्हणून सासऱ्यांनी सभेत शब्द दिला होता, "हा माणूस माझ्या शब्दावर आहे. राईत जाणार नाही, कुठेच काही मारणार नाही."

शेवटच्या रविवारी अख्खं गाव चर्चमध्ये असताना टिलर्टन राईत गेला. सोमवारी सकाळी मीच त्याला गिझोला सोडलं. पत्र्याची एक पेटी होती. हलकी होती. मीच ती उचलून होडीत ठेवली आणि पाणी उडू नये म्हणून वर माझा रेनकोट टाकला.

बुधवारी बायका नगाली या रानबदामाच्या बिया वेचायला कड्यावर गेल्या. कवट्यांच्या घराशेजारी त्यांना जाळ्याचे तुकडे सापडले, कापसाचे बोळे, रक्ताचे डाग आणि पिसं. पेटीत अकरा पाखरं गेली होती, हे पुढे कळलं.

सभा भरली. एल्याकीम काका, सासऱ्यांचे चुलतभाऊ, कुळाचे वडीलधारे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बेसिली, तुझा शब्द घेऊन परका वर गेला. आता तुझा शब्द राहिला नाही. सभेत येत जा, बसत जा. बोलायचं नाही."

सासरे "बरं" म्हणाले. सभाघरात त्यांनी उच्चारलेला तो शेवटचा शब्द.

दोन वर्षांनी टिलर्टनचा लेख छापून आला. जिल्पा गावच्या शाळेत शिक्षिका. गिझोहून कुणीतरी तिला त्याची पानं आणून दिली. तिने ती ओसरीत बसून वडिलांना आमच्या भाषेत वाचून दाखवली. त्यात दोन वाक्यं अशी होती. पहिलं, "राईतले अकरा नमुने स्थानिक जमीनमालक बेसिली यांच्या पूर्ण संमतीने घेतले." दुसरं, "दोन बेटांवरील पक्ष्यांत स्थानिक लोक कोणताही भेद मानत नाहीत; दोन्ही एकाच प्रजातीचे आहेत."

सासऱ्यांनी ती वाक्यं दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "हे पुसता येतं?"

"नाही बाबा. छापलंय."

त्या वर्षाअखेर ते गेले. गिझोच्या दवाखान्याने कागदावर न्यूमोनिया लिहिलं. जिल्पा रडली नाही. शाळेतली एक चौरेघी वही तिने घरी आणली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि शनिवार-रविवार रानात जायला लागली.

सुरुवातीला मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण वह्यांची थप्पी वाढत गेली. टावेलेचे चष्मेवाले, सिंबोराचे चष्मेवाले, कोण कुठे घरटं बांधतं, किती अंडी, किती पिल्लं. मला होडी चालवायला लावून ती दोन्ही किनारे फिरायची. पाव्यावर एका बेटाचं गाणं दुसऱ्या बेटावर वाजवून बघायची. आमच्या पाखरांना सिंबोराचं गाणं ऐकवलं, तर ती मान वाकडी करून पाहायची आणि पुन्हा किडे टिपायला लागायची.

"बघ," ती म्हणायची, "शिवीसुद्धा देत नाहीत. परक्याची दखलच नाही."

मग एका वर्षी ते मोठं वादळ झालं. दोन्ही बेटांच्या मधे पिकू नावाचं एक लहानसं बेट आहे. पंचवीस माड, थोडं झुडूप, एवढंच. ते जिल्पाच्या आईकडून तिच्याकडे आलेलं. वादळाने दोन्ही बाजूंची दहा-बारा पाखरं पिकूवर नेऊन टाकली आणि ती तिथेच राहिली. बहुतेकांनी आपापल्यांतला जोडीदार शोधला. पण जोडीदार पुरेनात, तेव्हा तीन घरं मिश्र झाली. वहीत पिकूवरच्या सगळ्याच घरांना क्रमांक होते; त्यातल्या एकाविषयी जिल्पाने लिहिलं, "घर चौथं. नवरा टावेलेचा, बायको सिंबोराची."

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या उलट."

"आपली पोरं शाळेत जातात," ती म्हणाली. "यांचं काय होतं ते बघू."

तिने चार हंगाम पाहिलं. मिश्र घरांतली पिल्लं दिसायला देखणी झाली. कडं रुंद पण मधेच तुटलेलं, गळा फिकट पिवळा, गाणं चार पायऱ्या चढायचं आणि मग तुकडे व्हायचे. असं पाखरू आमच्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण ती पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला लागली, तेव्हा एकही अंडं उबलं नाही. एकवीस अंडी. जिल्पाने प्रत्येक फोडून पाहिलं. सगळी सडलेली.

"बाबांचं खरं होतं," ती म्हणाली. "दोन गावं. निसर्गानेच सोयरीक मोडलीय."

त्याच सुमारास शिक्षकांच्या एका शिबिरात तिची लितिआनाशी ओळख झाली. लितिआना फिजीची, सुवाच्या विद्यापीठात शिकवणारी, तरुण, हसरी. ती आमच्याकडे दोनदा येऊन गेली. पाखराच्या पंखाखालून रक्ताचा एक थेंब घ्यायची आणि त्याला सोडून द्यायची. वह्या पाहून ती म्हणाली, "ताई, हे छापायला हवं. मी रक्त तपासते, तुम्ही नोंदी नीट लावा. वेळ लागेल, पण करू."

एका दुपारी नारळ खवताना जिल्पाने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवीन जातीला नाव कसं देतात गं?"

"एक देह लागतो," लितिआना म्हणाली. "तो मूळ नमुना. कपाटात जपून ठेवतात. नाव त्या एका देहाला कायमचं बांधलेलं असतं. पहिल्याने छापलेलं नाव टिकतं, नंतरच्याचं पडतं."

"आणि तो देह पिकूवरच्या मिश्र पाखराचा निघाला तर?"

लितिआना हसली. "मग नाव बुडालं. संकराला दिलेलं नाव आईच्या जातीलाही लावता येत नाही आणि बापाच्याही नाही. नियमच आहे. ज्याने दिलं त्याची जन्मभर शोभा. पण असं करेल कोण? आधी चौकशी नाही का करणार?"

"हो, चौकशी करायलाच हवी," जिल्पा म्हणाली आणि खवत राहिली. मी होडीचं इंजिन पुसत होतो. तिचा हात नेहमीपेक्षा संथ झालेला मी पाहिला.

टिलर्टनचं पत्र आलं तेव्हा राईच्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. पत्र शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या नावाने होतं. तोवर जिल्पाच मुख्याध्यापिका झाली होती; ती बेसिलीची मुलगी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. तो निवृत्तीला आला होता. निवृत्तीआधी या भागात एखादी नवी जात सापडावी अशी त्याची इच्छा होती. आणखी कुठल्याशा देशातली माणसं पुढच्या हंगामात इकडे येणार आहेत, त्यांच्याआधी यायचंय, असंही लिहिलं होतं.

जिल्पाने त्याच दिवशी उत्तर लिहिलं आणि मला दाखवलं. टावेलेच्या रानात गाव तुम्हाला येऊ देणार नाही, पण पिकू बेट माझं आहे; तिथे या दोन बेटांवर कुठेच न दिसणारं पाखरू आहे; अवश्य या.

"यात खोटं काही नाही," ती म्हणाली.

"खरंही सगळं नाही."

"ओबेद, त्याने बाबांना कागदावर मारलं. मी किनाऱ्यावर उभी राहून शिव्या दिल्या, तर त्या वाऱ्यावर जातील. मला तो कागदावरच गाठायचाय."

"लितिआनाला सांगितलंस?"

"नाही. तिला यात ओढायचं नाही."

तो आला. केस पांढरे झाले होते, मान तशीच लाल. गावासाठी विद्यापीठाच्या बारा टोप्या आणल्या होत्या. जिल्पाने आपण कोण ते सांगितलं, तेव्हा त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"बेसिलीची मुलगी. काय माणूस होता. मला फार लळा लावला होता त्याने."

"हो," जिल्पा म्हणाली. "तेही शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे."

तिने त्याला भट्टीत भाजलेला मासा वाढला, नगालीचं सारण घातलेली कसाव्याची वडी वाढली, नको नको म्हणत असताना आणखी वाढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा इतका आग्रह मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं पिकूवर उतरलो. एका तासात मिश्र घरातला एक नर जाळ्यात आला. टिलर्टनने त्याला तळहातावर धरलं, तुटलेलं कडं पाहिलं, फिकट गळा पाहिला, आणि वाळूत खालीच बसला. डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी मला त्याची दया आली, हे खोटं कशाला सांगू. आयुष्यभर जे शोधलं, ते मिळालं असं त्याला वाटत होतं.

जिल्पाने खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली. "डॉक्टर, या पाखरांच्या घरट्यांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. चार हंगामांच्या. बघता?"

त्याने वहीकडे पाहिलं. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का होता. "वा, मुलांकडून करून घेतलंस का? छान उपक्रम आहे. नंतर बघू हं." आणि पुन्हा पाखराकडे वळला.

ती वही तशीच हातात धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "मारायलाच हवं का? रक्ताचा थेंब घेऊन सोडतात म्हणे आता."

"नावाला देह लागतो, जिल्पा. देहाशिवाय नाव म्हणजे नुसती हवा."

त्याने अंगठा आणि दोन बोटांनी पाखराची छाती दाबली. आवाज झाला नाही. दुपारपर्यंत एक मादीही गेली. जिल्पा पाहत उभी होती. तिने मान वळवली नाही.

परत येताना तो पुढे बसला होता. मी इंजिनाच्या आवाजात तिला विचारलं, "त्याने वही मागितली असती तर?"

"दिली असती."

"नक्की?"

"म्हणून तर घेऊन गेले होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मागणार नाही हे ठाऊक होतं."

टिलर्टनने घाई केली. विद्यापीठात त्याने रक्त तपासलं, पण त्यातला फक्त आईकडून येणारा धागा तपासला. तो सिंबोराच्या पाखरांशी जवळजवळ तंतोतंत जुळला. दुसरा कुणी असता, तर इथेच शंका येऊन थांबला असता. त्याने अर्थ काढला, ही अगदी नुकतीच फुटलेली जात आहे. बापाची बाजू बघायला आणखी काही महिने लागले असते, आणि ती दुसऱ्या देशातली माणसं निघाली होती. सात महिन्यांत नाव छापून आलं. त्याच्या विद्यापीठातल्या संग्रहालयाच्या नव्या दालनाला देणगी देणाऱ्या कुणा बाईंचं नाव पाखराला दिलं होतं.

राजधानीत, होनियारातल्या एका हॉटेलात समारंभ झाला. आम्हालाही बोलावणं होतं. मंत्री आले होते, हारतुरे होते, पाखराच्या आकाराचा केक होता. टिलर्टन भाषणात म्हणाला, "माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम. पिकूवरचे माझे मित्र जिल्पा आणि ओबेद इथे आहेत. त्यांनी चहा चांगला केला, होडी बुडू दिली नाही." लोक हसले. जिल्पाही हसली. टाळ्या तिने सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या.

"आता सांग की सगळ्यांसमोर," मी तिच्या कानात म्हटलं.

"केक खा," ती म्हणाली.

गावी आल्यावर तिने नऊ वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि सुवाला पाठवल्या. बरोबर त्याचा नवा लेख पाठवला आणि जुन्या लेखाची पानंही. तीन आठवड्यांनी लितिआनाचा फोन आला. सिग्नल किनाऱ्यावरच्या एका दगडावरच मिळतो, म्हणून जिल्पा त्या दगडावर उभी होती आणि मी खाली पाण्यात; फोनचा स्पीकर चालू होता.

"ताई, त्याला तुम्हीच बोलावलं होतं?"

"हो."

"मी नियम सांगितला, त्यावरून?"

"हो."

"मला वापरलंत तुम्ही."

"वापरलं," जिल्पा म्हणाली. "तुला राग यायलाच हवा. पण वह्यांत एक आकडा खोटा निघाला, तर सगळ्या फाडून टाक."

लितिआनाने महिनाभर फोन केला नाही. मग केला. आकडे खरे होते. तिच्याकडच्या रक्तात आई आणि बाप दोन्ही बाजू स्वच्छ दिसत होत्या.

दोघींचा लेख दीड वर्षाने आला. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, टावेले आणि सिंबोराचे चष्मेवाले या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि हे टावेलेच्या बेसिली यांनी आधीच सांगितलं होतं. दोन, पिकूवरचं पाखरू ही जातच नाही. तो संकर आहे, त्याची अंडी उबत नाहीत, त्यामुळे टिलर्टनने दिलेलं नाव कुठल्याच जातीला लागू होत नाही. तीन, राईतले अकरा नमुने कुणाच्याही संमतीने घेतलेले नव्हते. कुळाच्या सतरा माणसांनी तसं सही करून दिलं होतं. दोन्हींचं मिळून आधीचं जे नाव होतं, ते सिंबोराकडे राहिलं; टावेलेच्या जातीला बिननावाचं ठेवता येत नव्हतं, आणि नावाला देह लागतो. लितिआनाने संग्रहालयाला लिहून त्या अकरांतलाच एक देह मूळ नमुना म्हणून निवडला. नाव ठेवलं बेसिलीचं.

जिल्पाने तो लेख वडिलांच्या थडग्याशी बसून मोठ्याने वाचला, लॅटिन शब्दांसकट.

तिकडे टिलर्टनच्या विद्यापीठाने चौकशी नेमली. दालनाचं उद्घाटन रद्द झालं, आणि देणगी देणाऱ्या बाईंनी आपलं नाव काढून घ्यायला लावलं. हे आम्हाला वर्तमानपत्रवाल्यांच्या फोनवरून कळत होतं. दर फोननंतर जिल्पा मला विचारायची, "आणखी काय म्हणाले?" मी सांगायचो. ती ऐकायची, जसं कुणी भूक लागल्यावर जेवतं तसं.

मग एका सकाळी तो स्वतःच आला. गिझोहून दुसऱ्या कुणाच्या होडीने. जिल्पा किनाऱ्यावर रताळी धूत होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"बसा ना, डॉक्टर."

"ते संकर आहेत हे तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस."

"वही पुढे केली होती. तुम्ही म्हणालात, नंतर बघू."

"तू एका वाक्यात सांगू शकली असतीस."

"माझ्या बाबांनी तुम्हाला सात आठवडे सांगितलं. किती वाक्यं असतील, मोजा."

तो ओंडक्यावर बसला. "चाळीस वर्षांचं काम. लोक आता फक्त हे एकच लक्षात ठेवतील."

"हो," जिल्पा म्हणाली. "मलाही तेच हवं होतं."

"आता आणखी काय हवंय?"

"सभाघरात या. तो लेख तुम्ही जिथे लिहिलात तिथे नाही, जिथे बाबा गप्प बसायचे तिथे उभं राहून सांगा काय केलंत ते."

मला वाटलं, उठून जाईल. पण तो आला. का आला, मला माहीत नाही; कदाचित गमवायला काही उरलं नव्हतं म्हणून. दुपारी सागोच्या पानांच्या छपराखाली सगळं कुळ जमलं. टिलर्टन मोडक्या पिजिनमध्ये, आमच्या बेटांच्या बाजारबोलीत, बोलला. बेसिलीने मनाई केली होती, तरी मी राईत गेलो. रविवार मुद्दाम निवडला. संमती होती असं लिहिलं ते खोटं. तुम्ही भेद मानत नाही असं लिहिलं तेही खोटं. बेसिली रोज सांगत होता, मला ते माझ्याआधी कुणाला कळलेलं नको होतं.

शेवटचं वाक्य त्याला कुणी विचारलं नव्हतं. ते तो आपणहून बोलला.

एल्याकीम काका आता ऐंशीच्या पुढे. ते काठी टेकून उभे राहिले. "बेसिलीचा शब्द खरा होता. आम्ही त्याला गप्प बसवलं, ते चुकलं. त्याचं बोलण्याचं स्थान आज त्याच्या घराला परत." मग ते खाली बसले नाहीत. "आता दुसरं. पिकूवर दोन पाखरं मेली. बेसिलीने शब्द दिला होता, कुठेच काही मरणार नाही. या माणसाला पिकूवर कोणी नेलं?"

मी उठायला लागलो, कारण होडी माझी होती. जिल्पाने माझा खांदा दाबून खाली बसवलं आणि स्वतः उठली.

"मी नेलं, काका."

"मारणार हे माहीत होतं?"

"होतं."

"थांबवता आलं असतं?"

"आलं असतं. थांबवायचं नव्हतं."

"बापाचं स्थान आज तुला मिळालं," एल्याकीम काका म्हणाले. "आणि ते तुला वर्षभर वापरता येणार नाही. येत जा, बसत जा. बोलायचं नाही."

मावश्यांमधून कुजबुज झाली. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. ती "बरं" म्हणाली आणि बसली. चेहऱ्यावर शरम शोधायला गेलो, ती सापडली नाही.

टिलर्टनला गिझोला सोडायचं काम माझ्याकडेच आलं. या वेळी त्याच्याकडे एक पाठपिशवी होती, ती त्याने स्वतःच उचलली. लाटा बऱ्याच होत्या. पिकू मागे पडलं. तिकडून पाखरांची गाणी येत होती. आता मिश्र घर एकच उरलंय, बाकी सगळी आपापल्यांत परतलीत. तो कान देऊन ऐकत होता. मग त्याने विचारलं, "ओबेद, सगळं कबूल केलं मी. तिच्या मनात अजून राग आहे का?"

"माहीत नाही डॉक्टर. घरी जाऊन विचारतो."

संध्याकाळी परतलो तेव्हा जिल्पा चुलीपाशी बसून नारळ खवत होती. मी त्याचा प्रश्न तिला जसाच्या तसा सांगितला.

"आहे," ती म्हणाली. "पाण्याचा डबा भरून आण, भात लावायचाय."